एक स्विच, चार तऱ्हेची मशीनं

ऑफिसात पाच-सहा मशीनं असतील आणि त्यांतल्या काहींवरच नेट अडत असेल, तर अडलेल्या मशीनशी झटापट करण्याआधी जे सुरळीत चाललंय त्याच्यासमोर बसावं. ते का चालतंय हे कळलं की निम्मं काम झालं. यंदा दिवाळी अंकाच्या धामधुमीत हे मला पुरेपूर पटलं, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांच्याकडे विंडोज, मॅक आणि लिनक्स एकाच वायरिंगवर नांदतात, त्यांना यातलं काही ना काही भेटणारच.

आमचं ऑफिस नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. काम पुस्तकांचं. हिशेबाच्या दोन मशीनवर विंडोज ११ आणि टॅली. मुखपृष्ठं करणाऱ्या मुलाकडे आयमॅक. मुद्रितशोधनाच्या दोन मशीनवर उबुंटू. आणि आतल्या खोलीत एक विंडोज ७, कारण आमची जुनी पुस्तकं पेजमेकरमध्ये आणि जुन्या श्रीलिपीच्या फाँटांत आहेत. नवी आवृत्ती काढायची झाली की ती फाइल उघडायला तेच मशीन लागतं. फायली ठेवायला एक वेगळं मशीन आहे. हे सगळं सोळा पोर्टच्या एका स्विचला, म्हणजे सगळ्या केबली एकत्र आणणाऱ्या पेटीला जोडलेलं, आणि स्विच फायबरवाल्यांनी दिलेल्या डब्याला, म्हणजे नेट आत आणणाऱ्या राउटरला. हा डबा पावसाळ्यात बदलून नवा आला होता. निर्मितीबरोबर मशीनचं बघणंही माझ्याकडेच असतं.

तक्रारी एकेक करून आल्या. हिशेबाचे काका म्हणाले, “ताई, नेट गेलंय, प्रिंटरपण गेलाय.” मुखपृष्ठवाला म्हणाला, “माझं मस्त चाललंय, पण प्रुफांचं पान उघडायला फार वेळ घेतं.” मुद्रितशोधनाच्या बाईंचं म्हणणं, साइट उघडतात, पण प्रेसला फाइल जात नाही. विंडोज ७ वर तर जी साइट उघडावी तिथे सुरक्षिततेचा लाल इशारा. आणि सगळ्यांचा एकच निष्कर्ष, नवा डबा खराब आहे. मदतीच्या नंबरवर फोन केला की उत्तर ठरलेलं: बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. गंमत नाही, पण त्याने कधी कधी खरंच सुटायचं, आणि कधी चालू असलेलंही बंद पडायचं. म्हणूनच त्या उपायावरचा लोकांचा विश्वास आणि माझा संशय, दोन्ही वाढत गेले.

मी भिंतीवर एक कागद लावला. वार, वेळ, कोणतं मशीन, कोणती साइट, पडद्यावर नेमकं काय दिसलं. ‘नेट नाही’ असं लिहायचं नाही, जे दिसलं ते लिहायचं. सुरुवातीला सगळ्यांना हे जास्तीचं काम वाटलं, पण काही आठवड्यांत त्या कागदावर एक गोष्ट उघडी पडली: नेट आणि प्रिंटर एकदम जाण्याच्या जवळपास सगळ्या नोंदी गुरुवारच्या होत्या.

पुण्यात गुरुवार म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. देखभालीसाठी वीज जाते. आमच्याकडे मशीनं यूपीएसवर आहेत, पण स्विच आणि फायबरचा डबा नव्हते. वीज आली की स्विच जागा होतो, सगळ्या मशीनना वाटतं केबल नव्याने जोडली, आणि प्रत्येक जण पुन्हा नेटवर्कवरचा आपला पत्ता मागायला लागतो. ही मागणी डीएचसीपी नावाच्या पद्धतीने होते. मशीन सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतं, पत्ता कोण देतंय? आणि साधारणपणे जो पहिला उत्तर देईल त्याचं ऐकतं. नेटवर्कवर उत्तर देणारा एकच असेल तर सगळं ठीक. आमच्याकडे दोन निघाले.

ते कळलं आयमॅकमुळे. गुरुवारी सगळे अडलेले असताना तो एकटा चालू. त्याच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर पत्ता हाताने भरलेला: १९२.१६८.१.४०, गेटवे (बाहेर जायचं दार) १९२.१६८.१.१. मुखपृष्ठवाल्याने कधीतरी रंगीत प्रिंटरसाठी तो पक्का करून ठेवला होता. म्हणजे तो पत्ता मागतच नव्हता. मग काकांच्या मशीनवर काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ऑल ही नेटवर्कची माहिती दाखवणारी आज्ञा चालवली, आणि तिथे पत्ता १९२.१६८.०.१०३, गेटवे १९२.१६८.०.१. एकाच स्विचवर बसलेली दोन मशीनं वेगवेगळ्या गावची झाली होती. साहजिकच काकांना प्रिंटरही सापडेना, कारण तो ‘१’च्या गावात. त्याच पानावर खाली डीएचसीपी सर्व्हर म्हणून १९२.१६८.०.१ लिहिलेलं होतं. आमच्या फायबरच्या डब्याचा पत्ता हा नव्हेच.

हा ‘०.१’ कोण आणि कुठे? काकांच्या मशीनवरून त्याला सतत पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, चालू ठेवलं. उत्तरं येत होती, म्हणजे वस्तू जिवंत आहे आणि इथेच आहे. एआरपीच्या यादीत, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या वस्तूचा याच्या यादीत, त्याचा मॅक ॲड्रेस (वस्तूचा स्वतःचा कायमचा पत्ता) मिळाला. या पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेल्या असतात, त्यावरून निदान कोणाची वस्तू शोधायची ते कळतं. मग स्विचपाशी बसून एकेक केबल उपसायची, पिंग थांबलं का पाहायचं, परत खोचायची. बाकीच्यांना आधी सांगून, फायली सेव्ह करायला लावून. एक करडी केबल काढली आणि काका बाहेरून ओरडले, “थांबलं!”

ती केबल भिंतीवरून आतल्या खोलीत जात होती, जुन्या दिवाळी अंकांच्या कपाटामागे. तिथे एक धूळ खाल्लेला वायफाय राउटर, हिरवा दिवा लुकलुकत. खालच्या लेबलवरचा पत्ता आणि माझ्या वहीतला पत्ता अक्षरशः जुळला. वाड्याच्या भिंती हातभर जाड, आतल्या खोलीत फोनला वायफाय पोचत नाही, म्हणून अंकाच्या कामाला मदतीला आलेल्या मुलाने तो अडगळीतून काढून जोडला होता. हेतू चांगलाच होता. फक्त त्या राउटरला त्याचं जुनं काम आठवत होतं: येईल त्याला पत्ता द्यायचा आणि ‘बाहेर जायचं तर माझ्यामार्गे जा’ म्हणायचं. त्याच्या बाहेरच्या पोर्टला मात्र काहीच जोडलेलं नव्हतं. त्याच्यामार्गे कुठेच जाता येत नव्हतं.

गुरुवारचा उलगडा इथे झाला. वीज आली की हा छोटा राउटर मिनिटाच्या आत उठायचा, आणि फायबरचा डबा मात्र सावकाश. तोवर सगळ्यांनी पत्ते घेऊन टाकलेले असायचे. एरवी दोघे जागे असायचे आणि शर्यत लागायची, म्हणून एखादंच मशीन अडायचं. एकदा मिळालेला पत्ता मुदतीच्या निम्म्यावर नूतनीकरणाला जातो तोही ज्याने दिला त्याच्याकडेच, म्हणजे चुकीच्या हाती लागलेलं मशीन आपोआप सुधारत नाही. बंद-चालू केल्यावर कधी सुटायचं आणि कधी बिघडायचं ते का, हेही कळलं. तो प्रत्येक वेळी नव्याने टाकलेला काटाछापा होता.

राउटर फेकला नाही, कारण आतल्या खोलीला वायफाय हवंच आहे. त्याच्यातलं डीएचसीपी बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला (फायबरचा डबा जे पत्ते वाटतो त्या टप्प्याबाहेरचा), आणि केबल आधी होती तशी आतल्या बाजूच्या पोर्टलाच ठेवली. आता तो नुसता वायफाय पसरवतो. मग स्विच आणि फायबरचा डबा यूपीएसवर घेतला. पुढच्या गुरुवारी वीज गेली, आली, आणि काकांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

विंडोज ७ चं दुखणंही विजेचंच होतं, पण वेगळं. ते मशीन रात्री भिंतीवरच्या बटणातून बंद होतं, आणि मदरबोर्डवरचा सेल संपलेला. वीज तुटली की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जायची. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मशीनच्या मते ती मुदत सुरूच झालेली नसायची, म्हणून सगळीकडे लाल इशारा. तपकीर गल्लीतून सीआर २०३२ चा सेल आणून बसवला, तारीख टिकू लागली. तरी मी त्या मशीनचं बाहेरचं नेट काढून टाकलं. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं, आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या जानेवारीतली. जुनी पुस्तकं उघडायला त्याला फक्त फायलींचं मशीन दिसलं की पुरे.

आता खरं अवघड. पत्त्यांचा घोळ मिटला तरी मुद्रितशोधनाच्या बाईंची तक्रार जशीच्या तशी. साइट उघडते, लॉगिन होतं, छोटी मेल जाते. पण धायरीतल्या प्रेसच्या साइटवर फॉर्म्याची (एकत्र छापायच्या पानांच्या संचाची) पीडीएफ चढवायला घेतली की पट्टी सुरुवातीलाच थिजते आणि शेवटी ब्राउझर हात टेकतो. दिवाळी तोंडावर, फॉर्मे थांबून राहिलेले. पेन ड्राइव्ह घेऊन कोणीतरी सिंहगड रोडच्या गर्दीतून धायरी गाठायचं, असं चाललं होतं.

फायबरवाल्यांचा मुलगा आला. त्याने त्याच्या फोनवर डाउनलोडचा वेग काढून दाखवला, आकडा खरोखर उत्तम. “ताई, लाइन एकदम ओके आहे. तुमच्या त्या लिनक्सचाच काहीतरी प्रॉब्लेम.” आणि त्याच्या बाजूने पुरावाही होता: काकांच्या विंडोजवरून तीच फाइल जात होती. मॅकवरूनही जात होती. त्याच उबुंटूवर क्रोममधून गुगल ड्राइव्हवर टाकली तर सुरळीत चढत होती. इतकं सगळं चालत असताना दोष नेटवर्कचा म्हणणं कोणालाही पटलं नसतं.

मी काकांच्या मशीनवर बसले आणि नीट पाहिलं. फाइल जात होती खरी, पण आधी काही सेकंद काहीच हलत नव्हतं, आणि मग ती रांगत जात होती. म्हणजे विंडोजलाही ठेच लागत होती, फक्त ते उठून चालत होतं. मग उबुंटूवर वायरशार्क, म्हणजे केबलवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्रॅम, लावून अपलोड सुरू केला. आधीच्या लहान ओळी सरसर गेल्या, उत्तरंही आली. मग १५१४ बाइट लांबीची पॅकेटं (फाइल ज्या पाकिटांत भरून जाते ती) सुरू झाली आणि पडदा काळा-लाल झाला. तेच पॅकेट पुन्हा, तेच पुन्हा, आणि प्रत्येक वेळी मधलं अंतर आधीच्या साधारण दुप्पट. पलीकडून एक शब्द नाही. १५१४ मधले १४ इथरनेटच्या शीर्षकाचे, उरले १५००. लहान पॅकेटं जातात, भरलेली जात नाहीत.

इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट, तिला एमटीयू म्हणतात. पण आमचं फायबर कनेक्शन पीपीपीओई नावाच्या जोडणीच्या पद्धतीवर चालतं, आणि त्याचं स्वतःचं ८ बाइटचं वेष्टण असतं. म्हणून डब्याच्या बाहेरच्या बाजूला जागा उरते १४९२. वाड्याच्या दिंडी दरवाजातून माणूस सहज ये-जा करतो, कपाट न्यायला गेलं की अडतं, तसं हे. अडायला हरकत नाही. नियम असा की अडवणाऱ्या राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणाऱ्या पद्धतीचा) निरोप द्यायचा, ‘१४९२ च्या वर जाणार नाही’. मग मशीन पॅकेट लहान करतं. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहिलेली आहे. आमच्या नव्या डब्यात फायरवॉलची एक खूण अशी होती की हा निरोपच गिळला जात होता. पॅकेट नाहीसं, आणि नाहीसं झाल्याची खबरही नाहीशी.

पडताळा घ्यायला साधं पिंग पुरतं. उबुंटूवर ‘तुकडे करू नका’ असं सांगून १.१.१.१ या बाहेरच्या सर्व्हरला १४७२ बाइटचं पिंग पाठवलं. त्यात शीर्षकांचे २८ मिळवले की बरोबर १५००. उत्तर नाही. १४६४ चं पाठवलं, म्हणजे एकूण १४९२. उत्तर हजर. १४६५? गप्प. एका बाइटवर रेषा इतकी स्वच्छ उभी असते की पाहून मला फार आनंद झाला. फायबरवाल्या मुलाला शेजारी बसवून तेच विंडोजवर दाखवलं, मॅकवर दाखवलं. आकडे तिन्हीकडे तेच. तो खुर्ची पुढे ओढून बसला आणि म्हणाला, “हे मला पण लिहून द्या.”

मग बाकीचे का चालत होते? विंडोज आणि मॅक दोघांतही अशी सोय मुळातच चालू असते की मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा हरवलं तर वाटेत गिळणारा राउटर आहे असं समजून आकार कमी करून बघायचं. काकांच्या मशीनवरचा तो थांबा आणि ते रांगणं याचंच होतं. लिनक्समध्येही ही सोय आहे, पण एरवी ती बंद असते. तो नियमाप्रमाणे निरोपाची वाट पाहत राहतो. आणि गुगल ड्राइव्ह? क्रोम तिथे टीसीपी या नेहमीच्या पद्धतीऐवजी क्विक या नव्या पद्धतीने बोलतं. क्विक सुरुवातच १२०० बाइटच्या आसपासच्या पॅकेटांनी करतं, ती १४९२ च्या दिंडीतून आरामात जातात. प्रेसची साइट साध्या टीसीपीवरची. चालणाऱ्या तीन उदाहरणांनी लाइन ठीक असल्याचं नव्हे, तर नेमकं काय बिघडलंय त्याचंच वर्णन केलं होतं.

खात्री म्हणून आधी एका उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ केला. फाइल त्याच क्षणी चढली. पण प्रत्येक मशीनवर असा तुकडा लावत बसणं योग्य नव्हतं. दुरुस्ती डब्यातच हवी. त्या मुलाने वरिष्ठांकडून डब्याचा पूर्ण मेनू उघडून घेतला. आयसीएमपीचे ते निरोप सोडायला लावले, आणि एमएसएस क्लॅम्पिंग चालू केलं. त्याने दोन्ही टोकांची ओळख होतानाच डबा मध्ये पडून ‘शीर्षकं सोडून पॅकेटमधला मजकूर १४६० बाइट नको, १४५२’ असं ठरवून देतो, मग मोठं पॅकेट तयारच होत नाही. त्या संध्याकाळी शेवटचे फॉर्मे ऑफिसातूनच प्रेसला गेले. काकांनाही त्यांची फाइल अचानक झटकन गेल्याचं जाणवलं; त्यांनी तोवर तो थांबा तसाच असतो असं धरून चालवलं होतं.

राहिला मॅकवरचा प्रुफांच्या पानाचा उशीर. ते पान असतं फायलींच्या मशीनवर. त्या मशीनचं नाव पूर्वी कोणीतरी ‘भांडार डॉट लोकल’ ठेवलं होतं, आणि ते आमच्या आतल्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर, नोंदलेलं. ‘डॉट लोकल’ हा शेवट २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने मल्टिकास्ट डीएनएसला दिलेला आहे. मॅक असं नाव दिसलं की आधी डीएनएस सर्व्हरला न विचारता साऱ्या नेटवर्कला हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहतो. फायलींचं मशीन त्या हाकेला ओ देत नव्हतं. चकवणारी गोष्ट अशी की मॅकवर एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा दिली तर पत्ता लगेच मिळायचा, कारण ती थेट डीएनएसकडे जाते, ब्राउझर ज्या वाटेने जातो त्या वाटेने नाही. नाव बदलून शेवट ‘डॉट इंटर्नल’ केला. खासगी नेटवर्कसाठी तो आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने) २०२४ मध्ये राखून ठेवला आहे. पान आता लगेच उघडतं.

भिंतीवरचा कागद अजून आहे, फक्त त्यावर आता डब्याच्या सेटिंगची प्रतही चिकटवली आहे, कारण फायबरवाले दुरून अपडेट पाठवतात आणि त्यात खुणा पुसल्या जाऊ शकतात. आयपीव्ही ६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, डब्यात सध्या बंद ठेवलंय. दिवाळीनंतर ते सुरू करायचं आहे. तिथे वाटेतले राउटर पॅकेटचे तुकडे कधीच करत नाहीत, त्यामुळे ‘मोठं आहे’ हा निरोप पोचलाच पाहिजे. ब्राउझर अशा वेळी गुपचूप आयपीव्ही ४ या जुन्या पद्धतीवर जाऊन वेळ मारून नेऊ शकतात, म्हणून नुसतं पान उघडलं यावर मी समाधान मानणार नाही. उबुंटूवरून प्रेसच्या साइटवर एक पूर्ण फॉर्मा चढवून पाहणार. अडचण झाकून न घेणारं आमच्याकडचं तेच मशीन आहे.